सारथ्य कोणाच्या हाती?

महाभारतातील नलोपाख्यानात एक मोठा बोलका प्रसंग आहे. बाहुक या नावाने अज्ञातवासात राहिलेला नल, अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा रथ हाकीत एका दिवसात विदर्भाची राजधानी गाठतो. त्याचे रूप पालटलेले आहे, ओळख पुसली गेली आहे. पण रथ नगरात शिरताना त्याचा घरघराट दमयंतीच्या कानी पडतो आणि तिच्या मनात येते की, हा हाकणारा नलच असला पाहिजे. रथ ऋतुपर्णाचा, घोडे ऋतुपर्णाचे. तरीही त्या आवाजात हात उतरला होता तो नलाचा. वाहन हाकणे ही नुसती पुढे जाण्याची युक्ती नव्हे, त्यात हाकणाऱ्याचा स्वभाव प्रकट होतो, ही समजूत इतकी जुनी आहे.

हाच प्रश्न आज निराळ्या रूपाने पुढे येतो. एखादा हौशी माणूस लहानशी, चपळ, वळणावर रस्ता घट्ट धरणारी मोटार घ्यावयास निघतो. रंग ठरतो, पैशांची तरतूद होते आणि मग विचारले जाते : गिअर हाताने बदलावयाचा हवा, की आपोआप बदलणारा? घरात दोन तट पडतात. मुलगा म्हणतो, गिअरचा दांडा हाती नसेल तर चालविण्यात मौज ती काय? वडिलांचा डावा गुडघा रोज तासभर क्लच दाबून ठणकत असतो. आणि घरात अशीही एखादी व्यक्ती असते की जिला मोटार चालविण्याची इच्छा आहे, पण चढावर गाडी मागे घरंगळेल या धास्तीने ती चाकामागे बसतच नाही. हा वाद केवळ हौसेचा नाही. ती मोटार घरातील कोण चालविणार आणि कोण नुसते शेजारी बसणार, हे त्यावर ठरते.

मुळात गिअर लागतो कशासाठी? पेट्रोलच्या इंजिनाचा स्वभाव हट्टी आहे. मिनिटाला सातआठशे फेऱ्यांच्या फार खाली त्याला ओढले, तर ते गुदमरून बंद पडते. आणि त्याची खरी ताकद प्रकट होते ती हजारो फेऱ्यांच्या वेगात. चाकांना मात्र शून्यापासून आरंभ करावा लागतो. चढाला जोर अधिक हवा, सपाटीला वेग अधिक हवा. इंजिनाचा हट्ट आणि रस्त्याची मागणी यांचा मेळ दंतचक्रांच्या लहानमोठ्या जोड्यांनी घालावा लागतो. पहिल्या गिअरात जोर मोठा आणि वेग थोडा. वरच्या गिअरात जोर थोडा आणि वेग मोठा. एक गिअर सोडून दुसरा धरीपर्यंत इंजिनाची आणि चाकांची सोबत क्षणभर तोडावी लागते. ती तोडणारी आणि पुन्हा हळुवार जुळविणारी तबकडी म्हणजे क्लच.

फ्रान्समध्ये एमिल लव्हासॉर याने 1891 च्या सुमारास पुढे इंजिन, मग क्लच, मग सरकत्या दंतचक्रांची पेटी अशी मांडणी केली आणि पुढे मोटारींच्या कित्येक पिढ्यांनी तोच कित्ता गिरविला. त्या काळी गिअर बदलणे म्हणजे एक परीक्षाच असे. फिरत्या चक्राचे दाते दुसऱ्या फिरत्या चक्रात बसवावयाचे, आणि दोघांचा वेग जुळला नाही तर करकर असा आवाज साऱ्या रस्त्याला ऐकू जावयाचा. चालक क्लच दाबून गिअर सोडी, क्लच सोडून इंजिनाला थोडी चालना देई आणि पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर घाली. 1928 मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत अर्ल टॉम्सन याची सिंक्रोमेश योजना आली. दाते भिडण्यापूर्वी लहान शंकू एकमेकांना घासून वेग सारखे करतात, इतकीच ती युक्ती. पण तिच्यामुळे सामान्य माणसाला गिअर बदलणे सोपे झाले. आज हाताच्या गिअरचे कौतुक करणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे की त्यांचा हातही तेव्हापासून यंत्राच्या साह्यानेच चालला आहे.

आपोआप गिअरचा उगम तर रस्त्यावर नाही, जहाजात आहे. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये जहाजांच्या टर्बाइनसाठी द्रवाच्या द्वारे शक्ती नेण्याची योजना सिद्ध केली. दोन पंखे समोरासमोर ठेवावे, त्यांतील एक विजेवर लावावा, म्हणजे त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घ्यावे आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात घालावे, की त्या योजनेचे मर्म उमगते. एक पंखा थांबला तरी दुसरा फिरत राहू शकतो. म्हणून ब्रेक दाबून गाडी उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही आणि क्लचच्या पेडलाची गरज उरत नाही. याच जातीची हायड्रामॅटिक पेटी ओल्डस्मोबाइल मोटारीत 1940 च्या नमुन्यापासून मिळू लागली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही ती वापरली गेली. ज्यांचा डावा पाय कामाचा राहिला नव्हता अशांना या शोधाने रस्ता खुला केला. त्याची ही बाजू हौशी मंडळी सहसा विसरतात.

तरीही लहान चपळ मोटारींचे शौकीन दीर्घकाळ या पेटीपासून दूर राहिले, आणि ते निष्कारण नव्हे. तेलाच्या घुसळणीत काही शक्ती वाया जाई. पेटी जड असे. मोठ्या इंजिनाला हा तोटा जाणवत नसे, पण लहान इंजिनाच्या तुटपुंज्या मिळकतीतून एवढा खर्च निघाला की हाती काय उरणार? शिवाय जुन्या पेटीत गिअर तीन किंवा चारच असत, आणि वळणाच्या ऐन तोंडाशी ती नको तेव्हा वरचा गिअर घेई. हाताच्या गाडीत खर्च कमी, वजन कमी आणि आज्ञा चालकाची. तेव्हा या वादाचा निकाल उघड होता.

तो निकाल डळमळीत झाला त्या वर्षाचे नाव सांगता येते. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीने एमएक्स पाच ही दोन आसनांची छोटी मोटार जगापुढे ठेवली. इंजिन 1.6 लिटरचे, वजन हजार किलोग्रॅमच्या आत, छत उघडे आणि गिअरचा दांडा आखूड. तिच्या कर्त्यांनी ध्येय मानले होते ते ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार यांचे एकरूप होणे. नलाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज पडली नसती. आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, 26 मार्च रोजी, ब्राझीलच्या ग्रां प्री शर्यतीत नायजेल मॅन्सेल याने जी फेरारी जिंकून आणली, तिच्या गिअरला दांडाच नव्हता. जॉन बार्नार्ड याच्या त्या रचनेत स्टिअरिंगच्या मागे दोन पाती होती. बोटाने पाते ओढले की पुढचे काम विजेने आणि तेलाच्या दाबाने होई. पुढील काही वर्षांत जगातील सर्वश्रेष्ठ चालकांनी शर्यतीच्या गाडीतील दांडा सोडून दिला. म्हणजे एकाच वर्षी एकीकडे दांड्याचा गौरव झाला आणि दुसरीकडे तो निरोपाला लागला.

पुढे शर्यतीतील विद्या रस्त्यावर उतरली. पोर्शे आणि आउडी यांनी 1980 नंतरच्या दशकात स्पर्धांच्या गाड्यांत दोन क्लचांची पेटी अजमावली होती. 2003 मध्ये ती फोक्सवॅगन गोल्फच्या एका नमुन्यात बाजारी आली. एक क्लच विषम गिअरांचा आणि दुसरा सम गिअरांचा. तिसऱ्यात गाडी धावत असताना चौथा आधीच तयार असतो. एक हात सोडतो तोच दुसरा धरतो, आणि शक्तीचा ओघ तुटत नाही. ही अदलाबदल सेकंदाच्या लहानशा अंशात होते. कुशलातल्या कुशल माणसाचा हातही तेथे पोचत नाही. हाताची गाडी अधिक वेगवान, हा जुना दावा आता टिकत नाही. आणि गिअरांची संख्या वाढल्यामुळे पेट्रोलच्या बचतीचा दावाही पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही.

या दोन मतांची समोरासमोर गाठ पुणे जिल्ह्यातच पडली होती. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलोचा जीटी टीएसआय हा नमुना 2013 मध्ये आला. इंजिन 1.2 लिटरचे, शक्ती 105 अश्वशक्तीची, आणि पेटी दोन क्लचांची, सात गिअरांची; हाताचा गिअर त्यात मिळतच नसे. रांजणगावी तयार होणारी अबार्थ पुंटो 2015 मध्ये आली. तिची शक्ती 145 अश्वशक्तीची, गिअर पाच आणि तेही केवळ हाताचे. ग्राहकाने निवडावे ते कारखानदारांनीच निवडून दिले होते. 2020 मध्ये पोलोत एक लिटरचे टर्बो इंजिन आले, तेव्हा सहा गिअरांची हाताची पेटी आणि टॉर्क कन्व्हर्टरची आपोआप पेटी असे दोन्ही प्रकार ठेवण्यात आले. आता या मोटारी नव्या मिळत नाहीत. पण त्यांच्या चाहत्यांतील वाद मात्र जिवंत आहे.

तर मग निवड कशी करावी? पहिली गोष्ट ही की ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. स्वस्त मोटारींत बहुधा पेटी हाताचीच असते, फक्त क्लच आणि दांडा यंत्र हलविते. गिअर बदलताना तेथे शक्ती क्षणभर तुटते आणि बसणाऱ्याची मान किंचित डोलते. गर्दीत ती सोयीची, पण चपळ गाडीची हौस तिने भागत नाही. दोन क्लचांची पेटी मोकळ्या रस्त्यावर अजोड. मात्र तिच्या कोरड्या क्लचच्या जातीला मुंगीच्या पावलांनी सरकणारी रहदारी मानवत नाही, कारण अर्धवट जुळलेला क्लच सतत घासून तापतो. टॉर्क कन्व्हर्टरची पेटी गर्दी शांतपणे सोसते. नव्या काळात तिचे गिअर वाढले आहेत आणि वेग घेतल्यावर तिचे पंखे एकमेकांना जखडले जात असल्यामुळे जुना अपव्ययही पुष्कळ घटला आहे. चालवून पाहिल्यावाचून यांतील फरक कळत नाही, आणि तोही विक्रेत्याच्या दारापुढील सरळ रस्त्यावर नव्हे, तर एखाद्या चढावर आणि संध्याकाळच्या गर्दीत पाहावा.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. हाताच्या गाडीचा क्लच झिजतो, पण तो बदलणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही भेटतो. आपोआप पेटी बिघडली तर जाणकार शहरात शोधावा लागतो आणि खर्चही भारी पडतो. जुनी गाडी घेणाऱ्याने हे विशेष ध्यानात घ्यावे.

तिसरी गोष्ट घाटाची. ज्या गिअरात चढावे त्याच गिअरात उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम. खंडाळ्याचा उतार केवळ ब्रेकवर उतरू पाहणाऱ्याचे ब्रेक तापून ऐन वेळी दगा देतात. इंजिनाचा आवर त्याला हवाच. आपोआप गाडीतही खालचा गिअर राखून ठेवण्याची सोय बहुधा असते, पण ती असते हेच पुष्कळांना ठाऊक नसते. धोका आपोआप पेटीत नाही. तिच्यावर सारे सोपवून आपण निश्चिंत झालो असे मानण्यात आहे.

आता निकाल. मोटार जर रोज शहरातील गर्दीतून कचेरीला नेणार असेल, घरात एकाहून अधिक माणसे ती चालविणार असतील, किंवा गुडघा तक्रार करीत असेल, तर आपोआप पेटी घ्यावी, आणि ती घेताना आपण हौसेशी द्रोह केला असे वाटून घेऊ नये. चपळ मोटारीचा आनंद वळणाच्या रेषेत, ब्रेकच्या अचूक वेळेत आणि रस्त्याच्या जाणिवेतही असतो. तो एका दांड्यात कोंडलेला नाही. परंतु मोटार जर सकाळच्या मोकळ्या रस्त्यासाठी, केवळ चालविण्याच्या सुखासाठी घ्यावयाची असेल, तर हाताचा गिअर घ्यावा. तो आता अधिक वेगवान नाही, अधिक बचतीचाही राहिला नाही. तो अधिक काम सांगतो, हाच त्याचा गुण आहे. इंजिनाचा आवाज ऐकून नेमक्या क्षणी खालचा गिअर घालावा, गाडीने धक्का न देता तो स्वीकारावा, या लहानशा यशाला बाजारात किंमत नाही. पण ते ज्याचे त्याचे असते. नव्याने शिकणाऱ्याने तर आधी हाताच्या गिअरवरच शिकावे. ब्रिटनमध्ये आपोआप गाडीवर परीक्षा दिलेल्याला हाताची गाडी चालविण्याचा परवाना मिळत नाही, आणि त्यामागील विचार साधा आहे : अधिक येणाऱ्याला कमी चालते, कमी येणाऱ्याला अधिक जमत नाही.

विजेच्या मोटारींना गिअर बदलण्याची गरजच बहुधा पडत नाही. त्या वाढतील तसा हा वादही मागे पडेल, आणि गिअरचा दांडा नांगराच्या मुठीप्रमाणे, हातमागाच्या धोट्याप्रमाणे, एका हाताच्या विद्येची खूण म्हणून उरेल. तोवर निवड खुली आहे. घरी वाट पाहणाऱ्याला ती मोटार सुखरूप परत यावी एवढेच हवे असते. मात्र वळणावरून येणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून, चालविणारा कोण हे ओळखणारे कान ज्या घरात आहेत, त्या घराने दांडा सोडण्यापूर्वी क्षणभर विचार करावा.