सावंतवाडीची गंजिफा
(वार्षिक संमेलनात वाचलेले भाषण)



गेल्या माघात आम्ही सपत्नीक सावंतवाडीस जाऊन आलो. त्याचा वृत्तांत आपणांस सांगावा, अशी चिटणीसांची आज्ञा आहे. प्रवासवर्णन लांबवीत नाही, एस. टी.चे धक्के सर्वांच्याच परिचयाचे आहेत.

गावाच्या मध्यभागी मोती तलाव, काठावर भोसल्यांचा राजवाडा आणि पाठीशी नरेंद्र डोंगर. चितारआळीत लाकडी फळांच्या टोपल्या मांडलेल्या असतात. त्यांतील आंबा आमच्या मंडळींनी हुंगून पाहिला, आणि मगच त्यांची खात्री पटली! पांगाऱ्याचे हलके लाकूड या कामी पिढ्यान् पिढ्या वापरले गेले आहे.

परंतु आमचे मन गुंतले ते राजवाड्यातील गंजिफेत. दशावतारी गंजिफेची पाने १२०. दहा अवतारांचे दहा रंग; प्रत्येकात राजा, प्रधान व एक्क्यापासून दहापर्यंत पाने. पूर्वी जुन्या सुती कापडास चिंचोक्याची खळ लावून, त्याचे थर चिकटवून, वर लेप देऊन ती घोटीत. मग कुंचल्याने चित्र आणि शेवटी लाखेचा हात. ही विद्या लयास जाण्याच्या बेतात असता शिवरामराजे व राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि वाड्यातच कारागिरांना काम दिले. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

किंमत ऐकताच आम्ही सवयीप्रमाणे घासाघीस आरंभिली. कारागीर रागावला नाही. हातातील मत्स्याचे पान खाली ठेवून त्याने एवढेच विचारले, “गुरुजी, घरी कोण खेळतं?”

आम्ही निरुत्तर झालो. आमच्या आजोबांपाशी अशीच एक पेटी होती. दुपारच्या जेवणानंतर ओटीवर तिघांचा डाव बसे. ते निवर्तल्यावर ती पेटी माळ्यावर गेली आणि एका सुट्टीत आम्ही भावंडांनी ती खाली काढली. पाने वाटोळी, लाखेने गुळगुळीत. ओढ्याच्या पाण्यावर भाकऱ्या काढण्यास ती फार सोयीची वाटली. एकूण एक पान आम्ही पाण्यात घालविले. कोणी रागे भरल्याचेही स्मरत नाही. खेळणारेच उरले नव्हते, मग रागे कोण भरणार?

सांगितलेली किंमत मुकाट्याने देऊन आम्ही पेटी आणली. चार नियम लिहूनही आणले आहेत. दिवसा ज्याच्या हाती राम असेल त्याने प्रथम उतरावयाचे, रात्री कृष्ण असेल त्याने. निम्म्या रंगांत दहा पान वरचढ, तर उरलेल्यांत एक्का. येथे आमची अजून गफलत होते. मंडळी शिकत आहेत. परंतु डावास तिघे लागतात आणि तिसरा गडी मिळत नाही. आपणांपैकी कोणाच्या घरी हा खेळ जाणणारे वडीलधारे असतील, तर त्यांनी रविवारी दुपारी आमच्याकडे यावे. चहा तयार असेल.