आसवांतला पहारेकरी



आसवांवर आम्ही कवींनी पानेच्या पाने लिहिली. पण आसवांत काय दडले आहे, ते शोधले सर्दी झालेल्या एका डॉक्टराने. १९२१ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी जंतू वाढवण्याच्या बशीत स्वतःचा शेंबूड घातला होता. शेंबडाजवळचे जंतू विरघळलेले दिसले. मग लिंबाने सहकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणून त्यांनी आसवे तपासली. त्यांतही तोच गुण निघाला. लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्या भागातही तो सापडला. या द्रव्याचे नाव पडले लायसोझाइम.

हे एक विकर, म्हणजे एंझाइम. लस टोचल्यावर शरीर जी प्रतिकारशक्ती शिकते ती वेगळी. हा पहारेकरी जन्मापासून सोबत असतो. जंतूभोवती साखरेच्या साखळ्यांची भिंत असते. लायसोझाइम त्या साखळ्या कापते. भिंत खचली की आत पाणी शिरून जंतू फुटतो. आपल्या पेशींना तशी भिंतच नाही, म्हणून आपण सुखरूप.

पण ते कापते कसे? काम इतक्या झटपट होते की पाहायला सवड मिळत नाही. तेव्हा शास्त्रज्ञांनी युक्ती केली. विकराला असा घास द्यायचा, की तो तोंडात जाईल पण लवकर तुटणार नाही. १९६५ साली लंडनच्याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि लुईस जॉन्सन यांनी तीन साखरांची तोकडी साखळी वापरली. ती विकराच्या खाचेत बसलेली क्ष-किरणांनी दिसली. त्यावरून फिलिप्स यांनी कापण्याची रीत मांडली. तुटती साखर विकराला रासायनिक बंधाने जोडली जात नाही, असे त्यात गृहीत होते. पाठ्यपुस्तकांनी ते उचलले.

काहींना शंका होती. पुरावा मिळायला २००१ साल उजाडले. कॅनडाचे स्टीफन विदर्स, इंग्लंडचे गिडियन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखरेला फ्लोरिनचा अणू जोडला आणि विकरातही किंचित बदल केला. काम मध्येच अडखळले, आणि साखर विकराला बंधाने जोडलेली सापडली. पस्तीस वर्षे शिकवलेली गोष्ट दुरुस्त झाली.

हे जाणून काय मिळते? जंतूही स्वस्थ बसत नाहीत. गळवे आणणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आपल्या भिंतीतल्या साखरेला छोटीशी जोड देतो, की लायसोझाइमची धार चालत नाही. धार कुठे लागते हे ठाऊक असेल, तरच ही चाल उमगते. आज पांढऱ्या पेशींतली इतर विकरेही अशाच फसव्या घासांनी तपासतात. घासाला चमकणारा रंग जोडला, की कोणते विकर जागे आहे ते कळते.

श्रोतेहो, ज्ञान ग्रंथात छापले म्हणून पक्के होत नाही. कोणीतरी पुन्हा तपासून पाहावे लागते. आपल्या पापण्यांआडचा पहारेकरी मात्र आपल्याला ज्ञान असो वा नसो, रात्रंदिवस जागा आहे.