भीमथडीची घोडी आणि साठी उलटलेला शिष्य

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं मी घोड्यावर बसावयास शिकलों, असें सांगितलें म्हणजे ऐकणारे दोन प्रश्न विचारतात. पहिला, "पडलां नाहीं का?" आणि दुसरा, "या वयांत हें कशासाठीं?" पहिल्याचें उत्तर सोपें आहे. पडलों, आणि तेंही दोनदां. दुसऱ्याचें उत्तर द्यावयास थोडा वेळ लागतो. तेंच आज आपणांपुढें ठेवावें असा विचार आहे.

मी बारामतीजवळच्या कन्हेरी गांवचा. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों आणि खडूच्या धुळींत सारी नोकरी संपविली. आमचा तालुका एके काळीं भीमथडी या नांवानें ओळखला जात असे. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. या काठच्या तट्टांवर मांड ठोकून मराठ्यांचें घोडदळ दूरदूरच्या मुलखांत गेलें. २०२३ सालीं महाराष्ट्राचें राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या राजा बढे यांच्या गीतांत या तट्टांचा उल्लेख आहे. तो आपण उभे राहून ऐकतों; परंतु तें तट्टू प्रत्यक्ष पाहिलेला शहरवासी विरळाच.

हें जनावर दिसावयास भपकेदार नाहीं. उंची चार फुटांहून थोडी अधिक, बांधा आटोपशीर, पाय काटक, खूर कठीण. येथलीं तट्टें आणि समुद्रमार्गें आलेले अरबी व तुर्की घोडे यांच्या संकरांतून ही जात घडली असें मानितात. थोड्या चाऱ्यावर, खडकाळ वाटेनें, ओझें घेऊन दिवसचे दिवस चालावें हा तिचा गुण. १८१८ मध्यें पेशवाई गेली, स्वारांच्या पागा मोडल्या, आणि या तट्टाचा राजाश्रय सुटला. पुढें त्यास जगविलें तें आमच्या धनगर बांधवांनीं. दिवाळी झाली कीं त्यांचे वाडे मेंढरांसह पश्चिमेकडे, थेट कोंकणापर्यंत निघतात. त्या वेळीं भांडींकुंडीं, अंथरूणपांघरूण, चालूं न शकणारीं कोंकरें, असा सारा संसार घोडीच्या पाठीवर असतो. अलीकडेच कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदली. धनगराला मात्र त्या कागदाची वाट पाहावी लागली नव्हती.

माझ्या मनांतील घोड्याची ओढ या इतिहासांतून आली नाहीं. ती आली वारींतून. आषाढीच्या वाटेवर तुकोबारायांची पालखी बारामतीहून काटेवाडीस येते, तेथें मेंढरांचें रिंगण होतें. आणि पुढें इंदापूर तालुक्यांत बेलवाडीस अश्वांचें गोल रिंगण होतें. एका अश्वावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण तो देवाचा. खुरांखालची माती कपाळास लावणारे वारकरी मी लहानपणापासून पाहात आलों. पण घोड्याच्या अंगास कधीं हात लावला नव्हता. निवृत्तीनंतर पांचव्या वर्षीं रिंगण पाहून परततांना मनांत आलें, आतां नाहीं तर केव्हां?

शिकविणारा शोधूं लागलों. पुण्यामुंबईस अश्वारोहण शिकविणाऱ्या संस्था आहेत. पण तें मला झेपण्यासारखें नव्हतें. गांवांत चौकशी करतां एका धनगराचें नांव पुढें आलें, आणि तें ऐकतांच मी चपापलों. तो माझा जुना विद्यार्थी. दिवाळी झाली कीं तो शाळेंतून नाहींसा होई, आणि पावसाळ्याच्या तोंडीं परत येई. दोन वर्षें मीं तें चालूं दिलें. तिसऱ्या वर्षीं भरवर्गांत त्याला म्हटलें, "तूं घोडींच हांक, पाटी तुझ्या कामाची नाहीं." तो पुन्हां शाळेंत आला नाहीं. या गोष्टीस पस्तीस वर्षें झालीं होतीं.

वाड्यावर गेलों तेव्हां त्यानें घोंगडी अंथरली आणि "या गुरुजी" म्हटलें. माझें काम ऐकून तो हंसला नाहीं. एवढेंच म्हणाला, "घोडी शाणी हाय माझी. पन पयल्या दिशी बसायचं न्हाई."

पंधरा दिवस त्यानें मला पाठीवर बसूं दिलें नाहीं. रोज पहाटे जाऊन खरारा करावयाचा, खूर उचलून त्यांतले खडे काढावयाचे, वैरणपाणी पाहावयाचें. घोड्याजवळ जावें तें खांद्याच्या बाजूनें, आणि बोलत बोलत. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांस असतात. म्हणून त्याला जवळजवळ चोहोंकडचें दिसतें, पण अगदीं कपाळासमोरचें व थेट पाठीमागचें दिसत नाहीं. कान पुढें रोंखले तर लक्ष तिकडे आहे; मागें चिकटविले तर राग आला आहे. अंगावर बसलेली माशी जिला कळते, तिला आपल्या हाताचा कंपही कळतो. मुलांचे चेहरे मला वाचतां येतात, असा माझा जन्मभर समज होता. या घोडीनें मला पहिल्याच आठवड्यांत वाचून टाकलें.

सोळाव्या दिवशीं वर बसलों. पाठीवर खोगीर, तंग आंवळलेला, पाय रिकिबींत. ती दोन पावलें चालली आणि मीं भीतीनें लगाम खेंचला. ती थांबली. मीं टाच मारली, पण लगाम सोडला नाहीं. ती जागच्या जागीं फिरूं लागली. पुन्हां टाच, पुन्हां खेंच. शेवटीं तिनें मान खालीं घालून पाठ उसळली आणि मी भुईवर आलों. फारसें लागलें नाहीं. पण संताप अनावर झाला, आणि जवळची काठी मीं उचलली. तो शांतपणें म्हणाला, "गुरुजी, तुम्ही तिला एकदम दोन गोष्टी सांगितल्या. थांब बी म्हनलां, चाल बी म्हनलां. तिनं कुनचं ऐकायचं?"

मीं काठी खालीं ठेविली. श्रोतेहो, त्याचा वाडा कोंकणच्या वाटेस लागलेला असतां, "शाळा चुकवूं नकोस" असें मी त्याला बजावीत असें. आईबापांबरोबर जावें कीं वर्गांत बसावें? दहा वर्षांच्या त्या पोरानें कोणतें ऐकावयाचें होतें?

ग्रीक सेनानी झेनोफन यानें सुमारें २४०० वर्षांपूर्वीं अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. घोड्याशीं रागाच्या भरांत कधींही वागूं नये, हा त्यांतला एक मुख्य उपदेश. मीं तो नंतर वाचला. माझ्या गुरूनें तो वाचलेला नाहीं. त्याला तो घोड्यांनींच शिकविला.

पुढचें शिक्षण सावकाश झालें. मांड म्हणजे पायांनीं करकचून धरणें नव्हे, हें शरीरास पटावयास महिना लागला. पाठ ताठ, कंबर सैल, टाच खालीं, नजर पुढें. आणि लगाम इतकाच कीं तिच्या तोंडाशीं आपलें बोलणें चालूं राहावें. कदमचाल जमली, मग दुडकी. दुडकींत एकदां तोल गेला, तें माझें दुसरें पतन. नवरात्राच्या सुमारास एके पहाटे मी वाड्याशीं पोहोंचण्याआधींच ती माझ्या पावलांच्या आवाजानें खिंकाळली. आयुष्यांत मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत तें मी वरचें मानतों.

आपणांपैकीं कोणास उतारवयांत हा नाद लागला, तर डॉक्टरांस विचारून, डोक्यास शिरस्त्राण घालून, शांत जनावर आणि शांत गुरु पाहूनच आरंभ करावा. आणि आरंभ पाठीवरून नव्हे, खराऱ्यापासून करावा.

दिवाळी झाली. वाडा हलावयाच्या आदल्या सांजेस मीं त्याची क्षमा मागितली. तो तंगाची वादी तपाशीत होता. मान वर न करतां म्हणाला, "धाकटी पोरगी हाय माझी. पावसाळ्यात हितं असती तवा तिला जरा वाचाय शिकवा."

पुढच्या पावसाळ्यांत ती वाचूं लागली. आतां वाडा वाटेस लागला म्हणजे धडा मी घालून देतों, आणि ती जेथें मुक्काम असेल तेथून मोबाइलवर मला वाचून दाखविते. मागें घोडी फुरफुरते, तीही ऐकूं येते. या वयांत हें कशासाठीं, असें कोणी विचारलें तर माझें उत्तर एवढेंच आहे.