उतारवयातील एक नवा खेळ

साठी उलटलेल्या माणसाने पोथी वाचावी, नातवंडे खेळवावी, फार तर परसातील झाडांना पाणी घालावे, अशी आपली रीत आहे. अशा वयात मी संगणकावरील व्हिडिओ गेम रचावयास शिकलो, हे ऐकून आपणांस हसू येईल; माझ्या घरीही प्रथम ते आलेच. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, इंग्रजी बेताचे, आणि हाताशी मुलाने टाकून दिलेला जुना संगणक, एवढेच काय ते भांडवल.

धीर आला तो दोन गोष्टींमुळे. अमेरिकेतील एरिक बॅरोन या तरुणाने चित्रे, संगीत व आज्ञावली सारे एकट्याने रचून, सुमारे साडेचार वर्षांच्या खटपटीनंतर, २०१६ साली 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ प्रसिद्ध केला. दुसरे असे की, अर्जेंटिनातील दोघा जणांनी निर्मिलेले 'गोडो' हे खेळ रचण्याचे साधन २०१४ पासून सर्वांस खुले आहे. त्यास एक पैही पडत नाही.

विषय मात्र घरचाच घेतला. माझी बरीचशी नोकरी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत झाली. उन्हाळ्याच्या तोंडाशी तेथे मोहाची फुले रात्रभर गळतात आणि पहाटे मुलाबाळांसह सारे घर ती आणावयास जाते. झाडावरून फुले पडत आहेत, खाली एक मुलगा टोपली घेऊन ती झेलीत आहे, असा सोपा खेळ मी योजिला.

सोपा कसला! आलेख शिकविताना वरची बाजू धन, खालची ऋण, असे मी जन्मभर सांगत आलो. येथे मोजणी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यापासून, आणि खाली जावे तसा अंक वाढतो. त्यामुळे पहिल्या दिवशी माझी टोपली आकाशात लटकली. पुढे गुरुत्वाकर्षणाचा अंक पाहतो तो ९८०! वर्गात फळ्यावर सेंटिमीटरांत लिहिलेला आकडा येथे पडद्यावरील ठिपक्यांत भेटला, तेव्हा जुना स्नेही भेटल्यासारखे वाटले. त्यानंतर न झेललेली फुले जमिनीतून आरपार जाऊ लागली. जमिनीचे चित्र मी काढले होते, परंतु तिला काठिण्य द्यावयाचे राहिले होते. हे उमगण्यास दोन दिवस गेले. संगणक तेवढ्या वेळात एकदाही रागावला नाही.

अखेर खेळ पुरा झाला. एक जुना विद्यार्थी भेटीस आला असता मोठ्या अभिमानाने मी तो त्याच्यापुढे ठेविला. थोडा वेळ खेळून तो हलकेच म्हणाला, "गुरुजी, फुले कोणी झेलत नाही. ती जमिनीवरून एकेक वेचावी लागतात. पाठ मोडते."

श्रोतेहो, मोहाच्या दिवसांत गैरहजर राहिल्याबद्दल याच मुलाला मी वर्गाबाहेर उभा केला होता. इतकी वर्षे त्या गावी राहून तो पहाटे काय करून येतो, हे मी एकदा जाऊन पाहिले नव्हते. आपण जे पाहिलेच नाही, त्याचा खेळ कसा रचणार?

मी खेळ पुन्हा आरंभापासून रचला. आता त्यातील मुलगा वाकतो, वेचतो, थकून क्षणभर उभा राहतो, आणि उन्हे वर येण्यापूर्वी टोपली भरावयाची असते. त्या विद्यार्थ्याच्या मुलीने तो खेळून पाहिला व "आता बरोबर आहे" असा शेरा दिला.

ज्यांना ही विद्या शिकावयाची असेल त्यांनी खेळ लहान घ्यावा, तो पुरा करावा आणि जाणत्याला दाखवावा. रचणारा एकटा असला तरी चालते. चूक दाखविणारा मात्र दुसराच कोणी लागतो.