रिकामा रस्ता कोणाचा?

(वरणगाव येथे सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



मला सायकलीवर बोलायला सांगितले आहे. आपल्या व्यासपीठांवर सायकल येते ती शाळेत जाणाऱ्या मुलीची. ती यायलाच हवी. शाळा लांब म्हणून किती मुली घरी बसल्या हे इथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. पण मी आज वेगळ्या सायकलीबद्दल बोलणार आहे. कुठे वेळेवर पोचायचे नाही, काही आणायचे नाही, कुणाला सोडायचे नाही, अशा वेळी डोंगरातल्या मुरुमाच्या वाटेने नुसती आपल्यासाठी चालवायची ती सायकल.

परदेशात याला ग्रॅव्हल रायडिंग म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे आपली बारीक खडी, मुरूम. डांबरी रस्त्यांवर मोटारींची गर्दी इतकी झाली की सायकलवाले शेतातल्या, जंगलातल्या कच्च्या वाटांकडे वळले. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ पासून अशा वाटांवर दोनशे मैलांची शर्यत होते. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. ज्या गाडवाटांना आपण नाके मुरडली, त्यांच्यावर आता जगज्जेत्या ठरतात!

या छंदाची वर्णने वाचली तर एक वाक्य हमखास सापडते : रहदारी अजिबात नाही, फक्त जंगल आणि आपण. पुरुषाला हे वाचून मोकळे वाटते. बाईच्या कानात मात्र लहानपणापासून ऐकलेली आईची, आजीची, शेजारणीची वाक्ये वाजू लागतात. ‘रस्ता सामसूम आहे, एकटी जाऊ नको.’ ‘माणसांची वर्दळ असेल तिकडूनच ये.’ रस्ता तोच, पण एकाला तो सुट्टी वाटतो आणि दुसरीला धमकी. मला आज बोलायचे आहे ते एवढ्याच गोष्टीवर.

आपल्या गावाचेच बघा. इथे १९६४ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला. पाळीला जाणाऱ्या पुरुषांच्या सायकली तुमच्यातल्या वयस्क बायांना आठवत असतील. त्या काळी घरात सायकल होती, पण ती घरातल्या पुरुषाची. मुलगी शिकलीच तर दुपारी, नळीखालून पाय घालून, गुडघे फोडून. आणि न्हाण आले की सायकल सुटली. कुणी विचारलेच तर उत्तर ठरलेले : ‘पोरीले सायकल कायले पाह्यजे?’

आज गावाजवळून हजिरा ते पारादीप हा राष्ट्रीय महामार्ग जातो. रात्रंदिवस ट्रक. त्याच्या कडेने सायकल चालवणे म्हणजे जीव मुठीत धरणे. तरीही ‘वर्दळीच्या रस्त्याने जा’ हा उपदेश कायम! वर्दळीत बाई सुरक्षित असते हे कोणी ठरवले? बाजारात, बसमध्ये, जत्रेत आपल्याला काय काय सोसावे लागते ते मी सांगायला नको. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षामागून वर्षे हेच सांगतात की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, मित्र, मालक. तरी भीती दाखवायची ती रानातल्या वाटेची. घराची भीती कोणी दाखवत नाही, कारण मग बाईला ठेवायचे कुठे?

सामसूम वाटेवर धोका नसतोच, असे मी म्हणत नाही. म्हणून आम्ही घोळक्याने जातो. पण घोळक्याने जाणे वेगळे आणि घरी बसणे वेगळे.

आम्ही जातो तो रस्ता सांगते. पहाटे वरणगावहून हतनूर धरणाकडे. थंडीत तिथे तापीच्या फुगवट्यावर पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात. तिथून तापीपलीकडे सावदा. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. केळीचे ट्रक सुरू होण्याआधी हा टप्पा उरकायचा. पुढे खिरोदा. तिथून सातपुडा अंगावर येतो आणि पालकडे चढ लागतो. साग, अंजन, पळस. एक वेळ अशी येते की शेवटच्या इंजिनाचा आवाज मागे राहतो आणि टायरखाली खडी करकरते तेवढीच ऐकू येते. पहिल्यांदा आमच्यातली एक जण तिथे थांबली आणि म्हणाली, ‘अगं, माझा श्वास मला ऐकू येतोय.’ तिचे लग्न होऊन तेवीस वर्षे झाली होती.

पालच्या भोवती यावल अभयारण्य आहे, १९६९ पासूनचे, सुमारे १७५ चौरस किलोमीटरचे. आतल्या वाटांवर जायचे तर वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. ती घ्या. तिथे बिबट्या आहे, अस्वल आहे, तेव्हा उजेडातच परत फिरायचे. हे नियम मला जाचक वाटत नाहीत. जंगल काही आपल्या करमणुकीसाठी उभे नाही.

आणि खरे तर ते रिकामेही नाही. आपण ज्याला निर्जन म्हणतो त्या वाटेवर पावरा आणि तडवी बाया डोक्यावर मोळी, कडेवर पोर घेऊन रोज चालतात. त्यांना कोणी विचारत नाही की तुम्हाला भीती वाटत नाही का. आम्ही रंगीत टोप्या घालून गेलो की चौकशी होते, कौतुक होते. त्यांच्या वाट्याला मात्र कितीदा हटकणे येते, मोळी खाली उतरवणे येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचा जंगलावरचा हक्क मानला, पण तो पदरात पडावा म्हणून सातपुड्यातल्या आदिवासींना २०१८ च्या नोव्हेंबरात ठाण्याहून मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत पायी जावे लागले. प्रतिभाताई शिंदे आणि लोकसंघर्ष मोर्चा त्या मोर्चाच्या पुढे होते. आपल्या सहलीसाठी त्या बायांच्या वाटेवर फाटक बसणार असेल, तर मला ती सहल नको.

सायकलीने बाई बिघडते ही ओरड जुनी आहे. १८९० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतले डॉक्टर सांगत की सायकलीने बाईचा चेहरा कायमचा ताठर होतो! त्याच काळात, १८९६ मध्ये, सुसान अँथनी या मताधिकार चळवळीतल्या म्हातारीने सांगितले की बाईला मोकळे करण्यात सायकलीइतके दुसऱ्या कशानेही केलेले नाही. आपल्याकडचे उदाहरण तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईचे. १९९१ च्या साक्षरता मोहिमेत तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणे मोहिमेतच घातले. शेतमजूर, खाणीत खडी फोडणाऱ्या बाया, लाखाच्या घरात शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. त्यांतल्या कित्येकींना पुरुषी सायकलच बरी वाटे, कारण पुढच्या दांड्यावर मूल बसवता येते. बघा, तिथेही मूल होतेच!

म्हणूनच मी हट्टाने म्हणते की एक दिवस मूल, डबा, दळण, काही न घेता निघा. मुंबईतल्या बायांवर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये लिहिले. त्यांचे म्हणणे असे की बाईला घराबाहेर पडायला नेहमी कारण दाखवावे लागते, आणि विनाकारण हिंडणे हाही हक्कच आहे. ते शहराबद्दल आहे. खानदेशातल्या बाईला तर शेतावर जाण्याचे कारण रोजच असते. वाट तिच्या पायाखालची, पण नुसते बघत उभे राहायला मात्र तिला कधीच मिळालेले नाही.

आता कामाचे. महागड्या सायकलीच्या नादी लागू नका. रुंद टायरची कोणतीही साधी सायकल चालते, गिअर असतील तर चढाला बरे. खडीवर टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा, पकड येते. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, चाक घसरते. अंग मागे घ्या, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. सीट बायकांच्या मापाची, जरा रुंद बघून घ्या. पुरुषांसाठी केलेल्या अरुंद सीटने दुखते आणि बाई समजते की आपलेच अंग नाजूक. साडी नको, सलवार घोट्याशी बांधा. बाभळीचा काटा खानदेशात कोणालाच सोडत नाही, तेव्हा पंक्चर काढायला सगळ्यांनी शिकायचे, एकीवर सोपवायचे नाही. पाळी असेल तर यायचे की नाही ते जिचे तिने ठरवावे. फेब्रुवारीनंतर साग झडतो, सावली जाते आणि ऊन सोसत नाही.

तेव्हा येत्या रविवारी पहाटे साडेपाचला, हतनूरपर्यंतच. जिला येत नाही तिला धरणाजवळच्या मोकळ्या जागेत शिकवू. जिच्याकडे सायकल नाही तिनेही या, दोघींत एक चालेल. पंप आणि पंक्चरचे सामान मी आणते. भाकरी आपापली आणा, आणि शक्य असेल तर त्या दिवशी ती घरातल्या दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.