एका शब्दाचे उत्तर

हल्ली सामान्य ज्ञानाच्या प्रश्नांस मोठे महत्त्व आले आहे. स्पर्धा-परीक्षेस बसणारा विद्यार्थी शेकडो प्रश्नोत्तरे मुखोद्गत करतो आणि प्रश्न कानी पडताच एका शब्दात उत्तर देऊन मोकळा होतो. परंतु उत्तर बरोबर येणे निराळे आणि ते समजणे निराळे. कोल्हापूरच्या विद्यार्थ्यास ह्याचा पडताळा पाहण्यास दूर जावयास नको.

पाणी किती अंशांवर उकळते? शंभर, हे उत्तर सर्वांस पाठ. ते समुद्रसपाटीवर खरे. कोल्हापूर सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने येथे हवेचा दाब कमी, आणि म्हणून पाणी साधारण ९८ अंशांवरच उकळू लागते. चहा करणारास त्याची दाद नसते, ही गोष्ट वेगळी.

याहून रसाळ प्रश्न अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सवाचा. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांस आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी ह्या दिवशी मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. तारखा पुष्कळांस ठाऊक असतात. वर्षातून दोनदाच का, असे विचारले की उत्तर थबकते. सूर्य रोज ठीक पश्चिमेस मावळत नाही. सप्टेंबरच्या अखेरीपासून त्याची मावळण्याची जागा दक्षिणेकडे सरकत जाते, २१ डिसेंबरच्या सुमारास टोक गाठते आणि तेथून माघारी फिरते. देवळाचा रोख क्षितिजावरील ज्या जागेकडे आहे, तिच्यावरून सूर्य जाताना एकदा व येताना एकदा जातो. ९ नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत दिवस मोजावेत. ते ४२ भरतात. तेथून पुढे ४२ मोजले की १ फेब्रुवारी येते. देऊळ बांधणारांनी हे आकाश किती काळ न्याहाळले असेल! मात्र ढग आले, किंवा वाटेत एखादी उंच इमारत आड आली, तर किरण अडतात.

वैद्यकाच्या प्रश्नांत आनंदीबाई जोशी हे नाव हमखास असते. 'पहिली भारतीय स्त्री डॉक्टर' एवढ्यावर भागत नाही. १८८६ साली कलकत्त्यास कादंबिनी गांगुली ह्याही वैद्यक परीक्षा उत्तीर्ण झाल्या होत्या. अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयातून, त्याच वर्षी आनंदीबाईंनी पदवी मिळविली, असे नेमके सांगावे. त्यांचे यजमान गोपाळराव ह्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार आरंभिला तो कोल्हापुरात टपालखात्यात असताना. आणि पदवी मिळताच कोल्हापूर संस्थानानेच त्यांस आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाचे प्रमुखपद देऊ केले. आज ते रुग्णालय छत्रपती प्रमिलाराजे ह्यांच्या नावाने ओळखले जाते.

ते काम करणे आनंदीबाईंच्या नशिबी नव्हते. क्षयाने खंगलेल्या स्थितीत त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास निवर्तल्या. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉक ह्यांनी १८८२ सालीच दाखवून दिला होता. रोगाचे कारण कळले होते, औषध मात्र नव्हते. अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर न्यू जर्सी प्रांतात कार्पेंटरबाईंच्या घरी आनंदीबाई प्रथम राहिल्या. त्याच प्रांतातील रट्गर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, मातीतील एका सूक्ष्म जीवापासून, १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन हाती आले.