विटाळ आणि क्रीडांगण

(डोंबिवली येथील बुद्धविहारात भरलेल्या माता-भगिनींच्या सभेत एका वकील भगिनीने केलेले भाषण)



आजच्या सभेच्या पत्रकावर माझ्या भाषणाचा विषय 'मुलींचे आरोग्य व खेळ' असा छापलेला आहे. 'मासिक पाळी' हा शब्द छापावयास संयोजक धजावले नाहीत. त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. आपल्या भाषेनेच या गोष्टीचे सरळ नाव घेण्याची सोय फारशी ठेवलेली नाही. बाई 'बाहेरची होते', 'दूर बसते', तिला 'अडचण येते', नाही तर तिला 'कावळा शिवतो'. यांतला 'शिवणे' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. आपल्या पूर्वजांचा स्पर्श ज्या शब्दाने मोजला गेला, त्याच शब्दाने आपल्या मुलीचे शरीर मोजले जाते. शिवाशिव गावकुसाबाहेर होती तशी घराच्या ओटीवरही होती, एवढाच काय तो फरक.

हे मी अलंकार म्हणून बोलत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील ८५ वा श्लोक ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी पाहावा. कोणाला शिवल्यास स्नान केल्यावाचून शुद्धी नाही, याची यादी त्या श्लोकात दिली आहे. त्या यादीत चांडाळ आहे, रजस्वला आहे, पतित आहे, बाळंतीण आहे आणि प्रेतही आहे. चांडाळ आणि रजस्वला यांना एका ओळीत बसविणारा तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. मात्र तो श्लोक अर्धाच जळाला, असे मला कधी कधी वाटते. चांडाळाचा भाग आपण जाळला. रजस्वलेचा भाग कित्येक घरांतून अजून जपून ठेवला आहे.

दीक्षा घेतलेल्या घरांतूनही मी हे पाहते. देव्हारा गेला, खंडोबाचे टाक गेले, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. परंतु 'त्या' चार दिवसांत मुलीने मेणबत्ती लावावयाची नाही, वंदनेला पुढे बसावयाचे नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावावयाचा नाही. कोणी विचारले तर आजी म्हणते, 'आपल्यात पाळतात.' आपल्यात म्हणजे कोणात? हा प्रश्न मी आजीला विचारीत नाही, कारण तिने सोसलेले मी सोसलेले नाही. परंतु तिच्या सुनेला आणि मुलाला मी तो जरूर विचारीन.

आता क्रीडांगणाकडे वळते. डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडासंकुलात किंवा ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात संध्याकाळी जाऊन पाहा. दहा-अकरा वर्षांच्या मुली धावताना दिसतील. चौदा-पंधराच्या त्या मानाने कमी दिसतील. मधल्या वर्षांत त्या कोठे जातात? अभ्यास वाढतो, संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलने परतणे नको वाटते, ही कारणे खरी आहेत. परंतु एक कारण कोणी सांगत नाही. एका कबड्डी खेळणाऱ्या मुलीने मला ते सांगितले. महत्त्वाच्या सामन्याच्या दिवशी तिने मार्गदर्शक सरांना 'ताप आहे' असे कळविले आणि ती घरी बसून राहिली. ताप नव्हता. मैदानाजवळ कडी लागेल असे स्वच्छतागृह नव्हते, गणवेशाची चड्डी फिक्या रंगाची होती, आणि सरांना खरे सांगावयाचे कसे हे तिला कोणी शिकविले नव्हते. पुढच्या संघात तिची निवड झाली नाही, कारण 'तिची प्रकृती नाजूक आहे' असा शेरा पडला.

आपले देशी खेळ या दृष्टीने मुलींची परीक्षाच पाहतात. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ मुली चौकोनांत उकिडव्या बसतात. एकीचे तोंड या बाजूला, तर दुसरीचे त्या बाजूला. त्यामुळे मैदानाच्या कोणत्याही अंगाला उभे राहिले तरी निम्म्या मुलींची पाठ प्रेक्षकांकडे असते. कबड्डीत पकड होते ती कमरेला आणि मांडीला. कापडाची घडी अशा खेळात सरकते, हे माझ्या पिढीच्या बायकांना सांगावयास नको. डाग पडण्याचे भय मनात धरून जी मुलगी उठते, ती खो मिळताच अर्धा क्षण उशिरा उठते. त्या अर्ध्या क्षणाला शिक्षक आळस म्हणतात.

महाराष्ट्राची मुलगी प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघाने १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात नेपाळचा ७८-४० असा पराभव झाला. मला त्या हरलेल्या मुलींचाही अभिमान वाटला. त्यांच्या देशाच्या पश्चिम भागात पाळीच्या दिवसांत बाईला गोठ्यात अथवा झोपडीत ठेवण्याची 'छाउपडी' नावाची रूढी आहे. थंडीने, धुराने, सर्पदंशाने तेथे बायका मेल्या आहेत. त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ही रूढी बंद करण्याचा हुकूम दिला आणि २०१७ साली कायद्याने तिला शिक्षापात्र ठरविले. नेपाळला नावे ठेवण्याची घाई मात्र कोणी करू नये. आपल्याच गडचिरोलीत त्याच कामासाठी कुर्माघरे उभी आहेत.

आणि ठाणे जिल्ह्याचे काय? जुलै २०२५ मध्ये याच जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील एका खाजगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले. तेव्हा पाचवी ते दहावीच्या मुलींना बोलावून कोणाची पाळी चालू आहे याची विचारणा झाली, आणि कित्येकींची कपडे काढून तपासणी करण्यात आली. पालक संतापले, पोक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिका आणि एक महिला कर्मचारी यांना अटक झाली. प्रकरण न्यायालयाचे असल्यामुळे मी त्याच्या गुणदोषांत शिरत नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. तपासणी स्त्रियांनी स्त्रियांचीच केल्याचा आरोप आहे. विटाळ मानणारा पुरुषच असतो, असे समजून स्वस्थ बसण्याची सोय या घटनेने ठेवलेली नाही.

याच्या उलट चित्रही सांगते. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये मणिपूरच्या मीराबाई चानू हिने एकूण १९९ किलो वजन उचलले. कांस्यपदक २०० किलोला गेले. एका किलोने पदक हुकलेल्या त्या मुलीने जगाच्या पत्रकारांसमोर सांगितले की, आज माझ्या पाळीचा तिसरा दिवस होता आणि अशक्तपणा जाणवत होता. आठ वर्षांपूर्वी, २०१६ साली, रिओ येथे चीनची जलतरणपटू फू युआनहुई हिनेही असेच सांगितले होते, आणि ही सबब नव्हे हेही तिनेच पुढे जोडले होते. सबब आणि कारण यांत आम्हा वकिलांना रोज भेद करावा लागतो. सबब जबाबदारी टाळण्यासाठी असते, कारण वस्तुस्थिती कळण्यासाठी. मीराबाईने पराभव नाकारला नाही, फक्त त्या दिवसाची नोंद पुरी केली.

येथे शंकाखोर उठून म्हणेल, 'बाई, मग शास्त्रकारांनी चार दिवस विश्रांती सांगितली ती काय चुकीची?' हा युक्तिवाद अलीकडे सुशिक्षितांतही फार ऐकू येतो, म्हणून त्याला थोडे सविस्तर उत्तर दिले पाहिजे.

२८ जुलै १९२८ या दिवशी दोन गोष्टी घडल्या. अ‍ॅमस्टरडॅम येथे ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. स्त्रियांना धावण्याच्या शर्यतींत प्रवेश देणारे ते पहिले ऑलिंपिक. काही दिवसांनी स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली, विजेतीने जागतिक विक्रम केला. परंतु शर्यतीनंतर दमून बसलेल्या मुली पाहून वृत्तपत्रांनी अतिरंजित हाकाटी केली, आणि ती शर्यत स्त्रियांसाठी १९६० पर्यंत बंद राहिली. दमलेले पुरुष पाहून पुरुषांची शर्यत कोणी बंद केल्याचे मला ठाऊक नाही. त्याच २८ जुलैला मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकावर पूज्य बाबासाहेब बोलावयास उभे राहिले. बाळंतपणाच्या आगेमागे स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तिचा भार सरकारने व मालकाने उचलावा, अशी बाजू त्यांनी मांडली.

स्त्रीच्या शरीराला विश्रांती हवी, हे दोन्ही ठिकाणी मान्य होते. पण एकाने तिचे मैदान काढून घेतले. दुसऱ्याने तिची नोकरी आणि पगार शाबूत ठेवून विश्रांतीचा हक्क मागितला. शास्त्रकारांची विश्रांती यांपैकी कोणत्या जातीची, ते तुम्हीच ठरवा. ज्या विश्रांतीत बाईला विचारले जात नाही, जिच्यात शेतातली खुरपणी आणि धुणी सुटत नाहीत पण देव आणि स्वयंपाकघर सुटते, ती विश्रांती नव्हे. तो बहिष्कार होय. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचे उदाहरण डोळ्यांसमोर आणा. पाळीत खाडा पडला तर मुकादम दंड कापतो. त्यापायी कित्येकींनी तरुण वयात गर्भाशय काढून टाकल्याचे २०१९ साली उघडकीस आले. त्यांना कोणत्या शास्त्राने विश्रांती दिली? ज्या मुलीला दुखते तिने त्या दिवशी खेळू नये, जिला खेळावयाचे आहे तिने खेळावे. निर्णय तिचा. हक्क आणि बंदी यांतील सीमारेषा हीच.

आता कायद्याविषयी दोन शब्द. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध ठरविले. 'अस्पृश्यता' या शब्दाची व्याख्या मात्र घटनेत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी हे कलम घटना समितीपुढे आले तेव्हा नझिरुद्दीन अहमद यांनी ते धर्म आणि जात यांपुरते बांधून टाकणारी दुरुस्ती सुचविली होती. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. सत्तर वर्षांनी, २८ सप्टेंबर २०१८ रोजी, शबरीमला खटल्याचा निकाल चार विरुद्ध एक असा लागला. त्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी या मोकळ्या ठेवलेल्या शब्दाचा आधार घेऊन, पाळीच्या कारणाने स्त्रीला दूर ठेवणे हेही अस्पृश्यतेचेच एक रूप असल्याचे आपल्या निकालपत्रात लिहिले. वकील म्हणून मला हेही सांगितले पाहिजे की, १७ व्या कलमाविषयीचे हे मत त्यांचे एकट्याचे होते, न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी ते स्पष्टपणे अमान्य केले, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात त्यातून निघालेले व्यापक प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेले. आपण ते अखेरचा शब्द म्हणून मिरवू नये. परंतु ज्यांच्या वाडवडिलांनी विटाळ भोगला त्यांना त्या निकालपत्राचे मर्म कळावयास न्यायालयाच्या शिक्क्याची वाट पाहावी लागू नये. चौदाव्या शतकात चोखोबांच्या सोयराबाईने, विटाळ देहातच असेल तर त्यावाचून देह कोणाचा, हा प्रश्न विचारून ठेवलेलाच आहे.

आणि आपल्या धम्माचे काय म्हणणे? विनयपिटकातील चुल्लवग्गात एक लहानसा प्रसंग आहे. ऋतुमती भिक्षुणी आसनांवर बसत आणि आसने रक्ताने खराब होत. तक्रार तथागतांकडे गेली. त्यांनी त्यांना संघाबाहेर बसविले नाही. वेगळे वस्त्र वापरण्याची अनुज्ञा दिली. ते पुरेना तेव्हा आत घेण्याच्या कापडाची दिली, ते गळून पडू लागले तेव्हा ते दोऱ्याने बांधण्याची, दोरा तुटू लागला तेव्हा कमरेच्या सुताची. सारा प्रसंग कापड आणि दोरा यांचा आहे. त्या जागी विटाळाचा शब्द नाही. अडचण कपड्याची होती, ती कपड्याने सोडविली.

आपल्यालाही नेमके तेच करावयाचे आहे. विंबल्डनसारख्या कर्मठ स्पर्धेने पांढऱ्या पोषाखाचा आपला हट्ट २०२२ साली थोडा सैल केला आणि पुढच्या वर्षापासून मुलींना आत गडद रंगाची चड्डी घालण्याची मोकळीक दिली. महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे कसे नेसावे हेही सांगितले होते. पोषाख ही त्यांना क्षुल्लक बाब वाटली नाही. शाळेच्या संघाची चड्डी काळी अथवा गडद निळी असावी, एवढी मागणी करावयास कोणत्या क्रांतीची गरज आहे?

मातांना आणखी एक सांगते. खेळणाऱ्या मुलीची पाळी महिनेच्या महिने येईनाशी झाली तर 'बरे झाले, कटकट गेली' म्हणू नका. सराव खूप आणि खाणे अपुरे, असे झाले की शरीर पाळी थांबविते आणि पुढे हाडे ठिसूळ होतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांतील ५७ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. तेव्हा मुलीच्या ताटात आधी वाढा आणि रक्त तपासून घ्या. फार रक्त जात असेल किंवा दुखण्याने ती उठू शकत नसेल तर 'सगळ्यांनाच होते' म्हणून गप्प न बसता डॉक्टरांकडे न्या. बापानेही न्यावे.

शेवटी कामाचे बोलते. मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह असणे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेवर बंधनकारक आहे. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या मैदानावर मुलीला अडथळा नको, याला घटनेचे १५ वे कलम पाठीशी आहे. मी दोन अर्ज लिहून आणले आहेत. एक शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नावे, दुसरा महापालिका आयुक्तांच्या नावे. पहिल्यात गडद गणवेश, पॅडची पेटी आणि मुलींसाठी एक स्त्री-शिक्षिका अशा तीन मागण्या आहेत. दुसऱ्यात मैदानावरील स्वच्छतागृहाला पाणी, कडी आणि झाकणाची कचरापेटी. भाषा सोपी आहे, 'मासिक पाळी' हे शब्द त्यात स्पष्ट लिहिलेले आहेत, कोणी खोडू नयेत. वंदनेनंतर टेबलाजवळ थांबावे. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा द्यावा, आणि मुलींच्या वडिलांनी आधी यावे.